पोरीच्या पेपरावरचं पयलं नाव

मला वाचायला येत न्हाई, पण आमच्या गावात लग्नाची पत्रिका माझ्याबिगर छापखान्यात जात न्हाई. हासू नका, खरं हाये. नवरा-नवरीचं नाव कुणी बी सांगल. खरी मारामारी असती ती खालच्या नावांची. निमंत्रक कोण, प्रेषक कोण, चुलता आधी का मामा आधी, भावकीतला कोण कुणाच्या वर. एखांद्याचं नाव चार वळी खाली गेलं की त्यो हळदीला येत न्हाई. आला तर जेवत न्हाई. जेवला तर वरीसभर सांगत फिरतो की मी जेवलो न्हाई. मंग मला बोलावत्यात. मी मांडी घालून बसतो, च्या पितो, आन् दीडशे नावं तोंडपाठ एकाखाली एक सांगतो. लिवणारा दुसरा. आजवर माझ्या पत्रिकेवरनं कुटं काठी निघाली न्हाई.

ह्यात माझी अक्कल एवढीच, की घरच्या माणसाला मागं सारायचं. परका म्होरं, घरचा मागं. घरचा रुसून जाणार कुटं? सख्ख्या पुतणीच्या लग्नात मी सोताचं नाव पार तळाला घातलं. त्याच्याखाली फकस्त छापखान्याचा पत्ता. लोक म्हणली, काय मन हाये गड्याचं! त्या एका वाक्यावर मी सा म्हयने फुगून हिंडलो. आन् ह्याच अकलेनं मी माझ्या पोरीचं वाटुळं केलं.

माझा धंदा म्हणाल तर मळवलीला एका मुंबईच्या साहेबाचा बंगला हाये, त्यो मी राखतो. झाडांना पाणी, तळ्यातली पानं काढणं, पाव्हणं आलं की चूल पेटवणं. शिवाय चार खाचरं हायेत भाताची. पोरगी एकच. ती हुशार निघाली ह्यात माझा काडीचा हात न्हाई. ती धाव्वीला पयली आली तवा मी मास्तरांना म्हणलो, 'तपासून बघा, चूक झाली असंल.' मास्तर हासलं. पोरगी न्हाई हासली. तवाच मी गप बसायला शिकायला पायजे व्हतं, पण माझं तोंड कवा बंद राहिलंय?

लोणावळ्याचं कॉलेज झालं, पुण्याचं झालं, आन् मंग पुण्यातच एका मोठ्या संस्थेत ती फिजिक्समदी डॉक्टर व्हायला लागली. सुई टोचणारी डॉक्टर न्हाई, हे गावाला सांगता सांगता माझी दोन वर्सं गेली. ती काय करती ते मी एकदा तिला इचारलं. तिनं लय सोपं करून सांगितलं. म्हणली, 'आबा, अणू असतो ना, सगळ्यात बारका, त्याला लेझर मारून थंड करायचा, एका जागी धरायचा, आणि तो कसा वागतो ते बघायचं. अडचण अशी, की बघायला गेलं की त्याचं वागणं बदलतं.'

मी म्हणलं, 'त्यात काय नवल? मी पण तसाच हाये. साहेब बंगल्यावर आलं की मी झाडतो. न्हाईतर वट्ट्यावर आडवा.'

ती लय हासली तवा. हे उदाहरण मी माझ्या सरांना सांगणार म्हणली. आन् खरंच सांगितलं तिनं. म्हणून तर सरांना मला बघावंसं वाटलं.

सर म्हंजे तिचं गाईड. तिच्या हाताखाली, न्हाई, तिच्या डोक्यावर असल्याला माणूस. एका रविवारी ते तिच्यासंगट काम करणारी सा-सात जणं घिऊन मळवलीला आलं, लोहगडला जायला. साहेबाला इचारून मी बंगला उघडून दिला. पोरगी सगळ्यांना घिऊन गडावर गेली. सरांचा गुडघा दुखत व्हता, ते खालीच राहिलं. आन् मी पिठलं-भाकरी करत व्हतो, तितंच सैपाकघरात खुर्ची वढून बसलं.

'भाऊ, भाकरी तुम्ही थापताय?'

'व्हय सर. बायकोनं थापली असती तर गोल झाली असती.'

लय हासलं. एवढा मोठा माणूस, इंग्रजीत पुस्तकं लिवणारा, माझ्या विनोदाला हासतो म्हणल्यावर मी काय इचारता, उधळलोच. चार विनोद अजून सांगितलं. सर भाकरी मोडून खात व्हतं आन् म्हणत व्हतं, 'काय चव आहे हो भाऊ.' मला भाऊ म्हणत व्हतं. बंगल्यावर येणारं पाव्हणं मला 'ए' म्हणत्यात, न्हाईतर 'वॉचमन'.

मंग म्हणलं, 'तुमची मुलगी गुणी आहे. आमचा एक पेपर जातोय आता. मोठं काम आहे.'

पेपर म्हंजे काय ते मला पोरीनं सांगितलं व्हतं. प्रयोग झाला की त्यो लिवून छापायचा. जगातली बाकीची शास्त्रज्ञ मंडळी मंग आपापल्या लिखाणात सांगत्यात की बाबा हे अमक्यानं आधी करून दाखवलंय. असं किती जणांनी सांगितलं ते मोजत्यात. सायटेशन म्हणत्यात त्येला.

'तिचाच ना पेपर?' मी इचारलं.

'तिचा, म्हणजे आमच्या सगळ्यांचाच. नावांचा क्रम तेवढा ठरवायचाय.'

नावांचा क्रम! मी चुलीपुढं सावरून बसलो. म्हणलं, आता आपल्या खात्याचं काम आलं.

सर म्हणलं, 'आमच्याकडे एक मुलगा आहे. त्याची मुदत या वर्षी संपते, त्याला परदेशात जायचंय. पहिलं नाव त्याचं लागलं तर त्याचं काम होईल. दुसरं हिचं. हिला अजून वेळ आहे, हिचे पुढे खूप पेपर होतील. पण ती जरा हट्टाला पेटलीय.'

'आन् सर, तुमचं नाव?'

'माझं शेवटी.'

माझ्या तर डोळ्यात पाणीच यायचं राहिलं. म्हणलं, बघा, एवढा थोर माणूस, आन् नाव सगळ्यात तळाला! अगदी माझ्यावाणी! त्यांच्या धंद्यात शेवटची जागा म्हंजे मालकाची गादी असती, हे मला कोण सांगणार? मला वाटलं, ह्यो माणूस आन् मी एका मापाचं हाये.

मी पिठाचा हात छातीवर ठिवला. म्हणलं, 'सर, तुमी काळजी करू नका. माझा शब्द हाये. पोरगी माझ्या शब्दाच्या भायेर न्हाई.'

सर म्हणलं, 'तुम्ही समजूतदार आहात भाऊ.' आन् अजून अर्धी भाकरी घेतली.

दुपारी सगळी गडावरनं आली, जेवली आन् गेली. पोरगी मला भांडी घासू लागायला मागं राहिली. सदऱ्यावर पिठाचा पंजा तसाच घिऊन मी तिला खुशीत सांगितलं, सर आन् मी काय काय बोललो ते. ती आधी ऐकत व्हती. मंग म्हणली, 'आबा, तीन वर्षं मी त्या टेबलावर आरसे लावतेय. एक आरसा केसाइतका हलला की सगळं पहिल्यापासून. तो सहा महिन्यांपूर्वी आलाय.'

'अगं पण त्येची गरज हाये.'

'आणि माझी?'

'तू घरची.'

'कुणाच्या घरची, आबा?'

 मी म्हणलं, 'मी सरांना शब्द दिलाय.'

ती म्हणली, 'दिलात?'

'दिला.'

एकदा धुतल्याली कढई तिनं परत धुतली. म्हणली, 'बरं.' आन् लोकल गाठायला गेली. मला वाटलं, वा, काय वळण हाये पोरीला! मी वट्ट्यावर आडवा झालो आन् निवांत झोपलो.

पेपर छापून आला तवा मी गावात पेढं वाटलं. तिच्या मोबाईलमदनं त्या पानाचा फोटू छापून घेतला आन् देवळात सगळ्यांना दावला. शाळेतल्या मास्तरीणबाई म्हणल्या, 'हिचं नाव दुसरं दिसतंय.' मी छाती काढून म्हणलो, 'मीच लावलं दुसरं. घरचा माणूस मागं.' बाईंनी चष्म्यातनं माझ्याकडं असं बघितलं, जसं खाचरात नांगर उलटा धरणाऱ्याकडं बघावं. मला वाटलं, बाईंना कौतुक वाटलं.

म्होरं तीन-चार वर्सं गेली. पोरगी डॉक्टर झाली. त्यो पयल्या नावाचा पोरगा पेपर छापून आल्या आल्या परदेशात गेला आन् तिकडंच पक्का प्राध्यापक झाला. आमची इकडं दोन वर्सं ह्या संस्थेत, एक वरीस त्या संस्थेत, अशी तात्पुरत्या कामावर. एका दिवाळीला ती पडवीत मोबाईल बघत बसली व्हती. मी इचारलं काय बघती. तिनं दावलं. तिच्या सगळ्या पेपरांची यादी, आन् प्रत्येकाच्या म्होरं आकडा. आकडं मला कळत्यात. वरचा आकडा दांडगा व्हता, खालचं सगळं बारकं बारकं, दोन, पाच, सात.

'ह्यो वरचा कुटला?'

'तोच. तुमचा.'

'बघ की! जगानं एवढ्यांदा तुझं नाव काढलं!'

'माझं नाही काढलं. आबा, सगळे पहिलं नाव लिहितात आणि पुढं लिहितात, "आणि इतर". त्या इतरमध्ये मी आहे.'

मी म्हणलं, 'पण दुसरं नाव हाये की तुझं.'

'दुसऱ्याला वेगळं काही नसतं. दुसरं आणि सातवं, सगळे इतर.'

तरी बी मला पुरतं कळलं न्हाई. कळलं ते म्होरच्या उन्हाळ्यात. एका संस्थेत कायमची जागा निघाली. तिच्याच इषयाची, पुण्याजवळचीच. अशी जागा पुन्हा निघंल न निघंल. पोरगी म्हणायची, ही मिळाली तर मळवलीहून जाऊन-येऊन करीन. तिच्या आईनं घरातली एक खोली तिच्या पुस्तकांसाठी रंगवून बी ठिवली.

मुलाखतीहून ती आली ती चपला काढून सरळ मोरीत गेली, तोंड धुतलं, आन् पुसलंच न्हाई. तसंच वलं तोंड घिऊन बसली. तिच्या आईनं इचारलं काय झालं. ती म्हणली, 'त्यांनी माझी यादी समोर ठेवली. म्हणाले, तुमचं एवढं एकच काम गाजलंय, आणि त्यात पहिलं नाव दुसऱ्याचं आहे. तुमचा वाटा किती? मी म्हटलं, सगळा प्रयोग मी उभा केलाय. तर म्हणाले, मग पहिलं नाव तुमचं का नाही?'

'मंग तू काय म्हणलीस?' मी इचारलं.

'काय म्हणू? आमच्या आबांनी शब्द दिला होता म्हणू?'

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली.

आमची मंडळी तवर आयुष्यात मला लय बोलली व्हती, पण ते सगळं रोजच्या भाकरीवाणी, खाल्लं आन् पचलं. त्या दिशी ती चुलीकडं तोंड करूनच म्हणली, 'बहिणीकडनं सही घेतलीत. आता पोरीकडनं पण घेतलीत.'

हे कळायला मागचं सांगाया पायजे. आमच्या बापाच्या जमिनीत माझ्या बहिणीचं बी नाव व्हतं. हिकडं बंगलं व्हायला लागलं, जमिनीला मोल आलं, तशी मी तिला वडगावला कचेरीत नेली आन् तिच्याकडनं हक्कसोड लिवून घेतलं. येताना तिला साडी घेतली, भेळ खाऊ घातली. सात-बाऱ्यावरनं तिचं नाव गेलं.  भाऊबीजेला येती अजून.

आता माझी हुशारी बघा. पत्रिकेवर मी सोताचं नाव तळाला घालतो आन् लोक मला थोर म्हणत्यात. सात-बाऱ्यावर मी कुणाला म्होरं सारलं का? तितं मला, न वाचता येणाऱ्या माणसाला, बरोब्बर कळलं की नाव कुटं असावं लागतं आन् कुणाचं नसावं लागतं. पोरीचा पेपर म्हंजे पत्रिका न्हाई, सात-बारा हाये, एवढंच फकस्त मला कळलं न्हाई. का कळत व्हतं आन् पिठल्याच्या वासात इसरलो, कुणाला ठावं.

मंग मी ठरवलं, चूक आपण केली, आपणच दुरुस्त करू. तलाठ्याकडं नाव चुकलं तर अर्ज करता येतो. हितं पण येत असंल. मी कुणाला न सांगता एक दिस कडक सदरा घातला, पाच किलो नवा इंद्रायणी तांदूळ पिशवीत भरला आन् पुण्याला सरांच्या संस्थेत गेलो. गेटावर वॉचमननं इचारलं, कोण पायजे. आमी दोघं एकाच जातीचं, त्यानं लवकर सोडलं.

सरांनी वळखलं. 'अरे भाऊ! या, या!' च्या मागवला. मी म्हणलं, 'सर, त्या पेपरावरचं पोरीचं नाव वर घ्या. मी चुकून खाली लावायला सांगितलं व्हतं. अर्ज काय करायचा त्यो सांगा, मी अंगठा देतो.'

सर हासलं. तसंच हासलं, भाकरीच्या येळला हासलं व्हतं तसं. तवा मला कळलं की माझ्या विनोदाला बी ते कवा हासलंच नव्हतं.

'भाऊ, असं नसतं. छापलं ते छापलं. आणि मी तिच्यावर काही लादलं नाही. तिनं स्वतः मला ईमेल केली होती, माझी हरकत नाही म्हणून. आहे माझ्याकडे.'

मी म्हणलं, 'पण ती माझ्यामुळं...'

'तुम्हीच म्हणालात ना, तुमचा शब्द आहे?' मंग पिशवीत वाकून बघितलं. 'वा, वास काय येतोय तांदळाला!' आन् पिशवी टेबलाखाली सरकवली.

मी च्या पिऊन आलो. काय करणार? तांदूळ परत मागायचं सुद्धा धाडस झालं न्हाई. परतीच्या लोकलमदी मी सोतालाच म्हणलं, गड्या, हक्क पण दिलास आन् वर भात पण दिलास.

पोरीला हे चार दिसांनी कळलं, सरांनीच तिला फोनवर सांगितलं, म्हणं तुमचे वडील मोठे गमतीशीर आहेत. त्या दिशी मात्र ती चिडली. माझ्यावर जलमात पयल्यांदा वरडली.

'कशाला गेलात तुम्ही? कुणी सांगितलं होतं? आता मी जिथं जिथं अर्ज करणार तिथं सरांचंच पत्र लागतं. हिचं काम कसं आहे, स्वभाव कसा आहे, हे तेच लिहिणार. आणि ते पत्र मला दाखवत नाहीत, आबा!'

'मी चांगल्यासाठी...'

'चांगल्यासाठीच केलंत ना तेव्हापण?'

तिची आई मदी पडली न्हाई. तिनं मदी पडायला पायजे व्हतं असं मला वाटलं, पण ती शेंगा फोडत राहिली.

पत्रात सरांनी काय लिवलं ते आमाला कवा कळणार न्हाई. चांगलं बी लिवलं असंल. म्होरच्या तीन अर्जांची उत्तरं आली न्हाईत एवढं खरं. चौथ्या ठिकाणी तिला काम मिळालं, लांब, दुसऱ्या राज्यात, दोन वर्साच्या कराराचं. रंगवलेल्या खोलीत आमी आता भाताची पोती ठिवतो.

तितं गेल्यावर तिनं नवा प्रयोग उभा केला. टेबल तिचं, आरसं तिचं. हे मला तिच्या आईकडनं कळलं. पेपर छापून आला हे पण आईकडनंच. मला तिनं सांगितलं न्हाई, आन् मी बी इचारलं न्हाई, कोणत्या तोंडानं इचारणार? पण आईनं सांगितलं की आता पयलं नाव हिचं हाये. ह्या येळला मी पेढं वाटलं न्हाईत. बंगल्यावर गेलो, तळ्यातली सगळी पानं काढली. पाव्हणं येणार नव्हतं, तरी काढली.

वरीस झालं त्येला. परवा तिचा फोन आला, आई अंगणात व्हती म्हणून मी घेतला. जेवलीस का, थंडी हाये का, झालं. मंग माझ्याच्यानं राहवलं न्हाई.

'तुझ्या नव्या पेपरचं किती झालं गं? किती जणांनी नाव काढलं?'

 ती म्हणली, 'दोनदा.'

'कुणी कुणी?'

'एक जपानमधला गट आहे. त्यांनी एकदा.'

'आन् दुसरं?'

'दुसरं मीच. माझ्या पुढच्या पेपरात.'

'सोताचं नाव सोताच काढायचं? चालतं व्हय असं?'

'चालतं.'

मी हासलो. मला वाटलं ती बी हासंल. ती न्हाई हासली. म्हणली, 'आईला द्या फोन.'

मी दिला.